एफ फॉर्म कोण भरतं?

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहूनही टाकतोय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

एक पाटी डोळ्यासमोर आणा. कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये जा, सांगलीत, मिरजेत, आमच्या कुपवाडात. भिंतीवर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. लहानपणापासून बघून बघून आपल्याला ती पाटी दिसेनाशी झालीय. पण जरा विचार करा. बँकेत अशी पाटी असती, ‘येथे ग्राहकांचे पैसे चोरले जात नाहीत’, तर तुम्ही तिथे खातं उघडलं असतं का? ही पाटी लावण्याची सक्ती सरकारने का केली? डॉक्टरांच्या सगळ्या धंद्यात याच एका मशीनच्या वाट्याला ही पाटी का आली?

त्याचा इतिहास चाळीसएक वर्षांचा आहे, आणि त्यातला बराच मोठा भाग आपल्या मुंबई, सातारा, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात घडलाय.

आधी एक शब्द. इंग्रजीत कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात, आपण हितसंघर्ष म्हणूया. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. ज्याने निर्णय तुमच्या भल्यासाठी घ्यायचा, त्याच निर्णयातून त्याला पैसे किंवा दुसरा काही फायदा मिळत असेल, तर तो हितसंघर्ष. माणूस वाईटच असतो असं नाही. आमच्या क्षेत्रात ज्याने कोड लिहिला त्यालाच शेवटची तपासणी करून ‘सगळं ठीक’ असा शेरा मारू देत नाहीत. त्याच्यावर अविश्वास असतो म्हणून नाही; स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आणि डेडलाईन जवळ आली की दिसली तरी माणूस बघत नाही, म्हणून. वैद्यकात हा नियम फार उशिरा आला. काही ठिकाणी अजून यायचाय.

१९७५ पासून सुरू करू. दिल्लीच्या एम्समध्ये तेव्हा गर्भजल परीक्षा सुरू झाली होती. पोटातल्या पाण्याचा नमुना घेऊन बाळात काही जन्मजात दोष आहे का ते तपासायचं, हा हेतू. त्याच नमुन्यातून मुलगा की मुलगी हेही कळतं. त्या वर्षी तिथल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की आपल्याकडे मुलगा व्हावा म्हणून जोडपी मुलांवर मुलं जन्माला घालतात, ही परीक्षा आली की ते थांबेल. वाचताना अंगावर काटा येतो. पण तेव्हाचं वातावरण लक्षात घ्या. लोकसंख्या कमी करणं हे राष्ट्रीय काम होतं, आणीबाणीत तर नसबंदीची टार्गेट होती. या डॉक्टरांना कोणी पाकीट दिलेलं नव्हतं. त्यांचा ‘इंटरेस्ट’ होता सरकारी ध्येय. म्हणजे समोरच्या बाईपेक्षा दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीची सेवा करणं, मग ती गोष्ट कितीही उदात्त का असेना. माझ्या मते या गोष्टीतला पहिला हितसंघर्ष हाच, आणि तो पैशाचा नव्हता.

पुढे सरकारने सरकारी संस्थांत लिंग तपासायला बंदी केली. बंदी फक्त सरकारी दवाखान्यांना. खाजगीवाल्यांना मोकळं रान. आज हे वाचून हसू येतं, कारण बंदीने मागणी गेली नाही, फक्त पत्ता बदलला.

ऐंशीच्या दशकातली मुंबई त्यामुळे या धंद्याचं केंद्र झाली. लोकलमध्ये जाहिराती लागायच्या. आज पाचशे रुपये घाला, पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, असा त्यांचा आशय. तेव्हा हे लपूनछपून नव्हतं बरं का. कायदेशीर होतं. गर्भपात १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी आधीच कायदेशीर होता, आणि परीक्षेला कोणी अडवत नव्हतं.

मग राज्य सरकारनेच एक पाहणी करून घेतली. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यातले ४२ जण लिंग तपासण्यासाठी गर्भजल परीक्षा करत होते. म्हणजे ८४ टक्के. आणि त्यातल्या बहुतेकांना आपण काही चूक करतोय असं वाटत नव्हतं. उलट ज्या बायकांना तीन-तीन मुली आहेत त्यांच्यावर आपण दयाच करतोय, अशी भावना होती.

इथे मी जरा थांबतो, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पन्नासातले ४२ राक्षस नसतात. एखाद्या व्यवसायातले पन्नासपैकी ४२ लोक एक गोष्ट करत असतील तर ती त्या व्यवसायाची रीत असते. तपासणीचे पैसे मिळतात, नंतरच्या गर्भपाताचे मिळतात, पेशंट खूश होऊन जातो, पुढचा पेशंट पाठवतो. सगळ्या बाजूंनी फायदा दिसत असला की मन त्याला ‘दया’ हे नाव देऊन मोकळं होतं. ज्याला पैसे मिळतात त्यालाच ‘हे योग्य आहे का’ विचारलं, तर उत्तर काय येणार?

याविरुद्ध उभे राहिले त्यातही डॉक्टर होते, हे सांगितलंच पाहिजे. १९८५-८६ च्या सुमारास मुंबईत गर्भलिंग निदानाविरुद्ध एक मंच उभा राहिला. त्यात स्त्रीवादी कार्यकर्त्या होत्या, वकील होते, आरोग्य चळवळीतले डॉक्टर होते, औषधशास्त्राचे प्राध्यापक रवींद्र रु. पं. होते. त्यांच्यापुढे अडचण अशी की गर्भपाताच्या हक्काला धक्का लावायचा नाही आणि लिंगनिवड मात्र थांबवायची. म्हणून त्यांच्यातले बरेच जण ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द टाळतात. हत्या म्हटलं की प्रत्येक गर्भपात खून ठरतो आणि बाई आरोपी होते. ते ‘गर्भलिंगनिवड’ म्हणतात. मीही तेच म्हणतोय. शब्दांचा कीस काढणं नाही हे, पुढे याचा संबंध येणार आहे.

या मंचाच्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला पहिला. अभिमानाची गोष्ट आहे, पण कायदा उघडून बघितला तर भोकं दिसतात. खाजगी केंद्रांना परवाना घेऊन परीक्षा चालू ठेवता येत होती. बाईलाही गुन्हेगार धरणारी तरतूद होती, मग तक्रार करणार कोण? सामान्य माणसाला थेट कोर्टात जाण्याची वाट नव्हती.

केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पीएनडीटी म्हणतात तो हाच. त्यात बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असंच गृहीत धरायचं, हे लिहिलं. जाहिरातीवर बंदी आली. दोषी डॉक्टरची नोंदणी पहिल्यांदा दोन वर्षांसाठी आणि दुसऱ्यांदा कायमची काढायची, हेही आलं.

पण तोवर तंत्रज्ञान पुढे सरकलं होतं. गर्भजल परीक्षेला सुई लागते, प्रयोगशाळा लागते, मोठं शहर लागतं. सोनोग्राफीला एक खोली, वीज आणि कर्ज पुरतं. मशीन तालुक्याच्या गावात पोहोचलं. हे वरदानच होतं, विसरू नका. बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, पाणी कमी आहे का, हे आधी कळल्याने किती बाळंतिणी वाचल्या असतील त्याची गणती नाही. पण मशीनचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो. दिवसाला दहा तपासण्या झाल्या तर हप्ता निघतो, सहा झाल्या तर निघत नाही. आणि त्या मशीनवर एक असं वाक्य आहे जे बोलायला दोन सेकंद लागतात आणि ज्याला गिऱ्हाईक बाकी तपासणीच्या कितीतरी पट पैसे द्यायला तयार आहे. डॉक्टरने तोंडही उघडायला नको. पेढा की बर्फी, एवढ्यावर काम भागतं.

२००१ च्या जनगणनेत हिशेब समोर आला. शून्य ते सहा वयाच्या दर १००० मुलांमागे साधारण ९५० मुली असणं हे नैसर्गिक. महाराष्ट्राचा आकडा १९९१ ला ९४६ होता, २००१ ला ९१३ झाला. सांगली जिल्हा ८५१. कोल्हापूर ८३९. ऊस, द्राक्षं, हळद, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, घरटी एक तरी पदवीधर असलेला हा पट्टा. मागासलेपणाने हे होतं, असं आम्ही शाळेत निबंधात लिहायचो. आकडे तसं सांगत नाहीत. जिथे पैसा आणि दवाखाना दोन्ही जवळ होते तिथे मुली जास्त गायब झाल्या. (मग २०११ ला दुष्काळी बीडचा आकडा ८०७ आला, आणि ‘श्रीमंतीमुळे होतं’ हे उत्तरही अर्धंच ठरलं. बीडवर येतोच.)

डॉक्टर मंडळींचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं: लोकांनाच मुलगी नको असते, आम्ही काय करणार? खोटं नाही ते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये २८५ मुलींचं एका कार्यक्रमात पुन्हा बारसं झालं, कारण त्यांची नावं ‘नकुसा’, ‘नकुशी’ अशी होती. नको असलेली. हजेरीपटावर रोज तेच नाव. त्यामुळे समाज निर्दोष आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण लोकांना अँटिबायोटिक पण हवं असतं, सलाईन पण हवं असतं. पेशंटला हवं ते द्यायचं तर मग एवढी वर्षं शिकून मिळवलेली पदवी कशासाठी?

२००० साली सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. मासूम पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात काम करणारी संस्था. कायदा आहे पण कोणी राबवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या खटल्यातला एक आदेश मला फार आवडतो. कोर्टाने सोनोग्राफी मशीन विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना सांगितलं, मागच्या पाच वर्षांत कोणाकोणाला मशीन विकलं त्याची यादी आणा. एवढा साधा प्रश्न तोवर सरकारने विचारलाच नव्हता! कुठलं मशीन कुठे आहे हेच माहीत नाही, तर तपासणी कशाची करणार? कंपन्यांचा फायदा जास्त मशीन विकण्यात होता, ती कुठे जातात हे बघण्यात नव्हता. साखळीतली ही पहिली कडी, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर २००३ मध्ये कायदा कडक झाला. गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली, म्हणून आता पीसीपीएनडीटी म्हणतात. आणि या कायद्याचा कणा म्हणजे एफ फॉर्म. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीला एक फॉर्म: नाव, वय, आधीची मुलं किती, मुलगे किती आणि मुली किती, कोणी पाठवलं, तपासणी कशासाठी, काय निघालं. बाईची सही की मला लिंग जाणून घ्यायचं नाही. डॉक्टरची सही की मी सांगितलं नाही.

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो. ही लॉग फाइल आहे. छान कल्पना आहे. फक्त ज्याच्यावर नजर ठेवायची, तोच लॉग लिहितो.

कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या हे लक्षात आलं असावं. हो, तेच, लेखक, २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २००९-१० च्या सुमारास त्यांनी जिल्ह्यात दोन गोष्टी केल्या. एफ फॉर्म ऑनलाइन भरायला लावला, आणि प्रत्येक मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला सांगितलं. मशीनच्या पडद्यावर जे दिसतं ते यात साठतं. कागदावर २० तपासण्या आणि उपकरणात ३० असतील तर मधल्या दहा कोणाच्या, असं विचारता येतं.

रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली. पेशंटच्या खाजगीपणावर घाला येतो, म्हणाले. कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं. चित्रं त्या उपकरणातच राहतात, बाहेर कोणाला पाठवली जात नाहीत, हे कोर्टाने लक्षात घेतलं. मला विचाराल तर खाजगीपणाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. आज कोणी सांगितलं की तुमच्या पोटाची चित्रं एका डब्यात साठवतोय, तर मीही दहा प्रश्न विचारीन. पण तो मुद्दा पेशंटने मांडला असता तर त्याला जास्त वजन आलं असतं. मांडला तो मशीनच्या मालकांनी. आणि दुसरी बाजूही सांगतो. डबा पडद्यावरचं टिपतो, ओठावरचं नाही. डॉक्टरने बोटाने खूण केली तर ती कुठल्याच लॉगमध्ये येत नाही.

ती खूण पकडण्याचं काम साताऱ्याहून चाललं होतं. ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांचं लेक लाडकी अभियान. खरीखुरी गरोदर बाई बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवायची, सोबत साक्षीदार, खुणेच्या नोटा, छुपा कॅमेरा. किती धाडसाचं काम आहे बघा. पोटात बाळ घेऊन एक बाई अनोळखी दवाखान्यात जाते, आणि नंतर वर्षानुवर्षं कोर्टात साक्ष द्यायला जाते. परळीच्या डॉ. सुदाम मुंडेचं स्टिंग त्यांनी २०१० मध्येच केलं होतं. तरी त्याचा दवाखाना चालू राहिला. मे २०१२ मध्ये तिथे गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला, तेव्हा कुठे सगळं राज्य हललं. २०१९ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. योगायोग असा की त्याच मे महिन्यात ‘सत्यमेव जयते’ सुरू झालं होतं आणि त्याचा पहिलाच भाग याच विषयावर होता. त्याच महिन्यात डॉक्टरी धंद्यातल्या गैरप्रकारांवरही एक भाग झाला, आणि डॉक्टरांच्या आयएमए या संघटनेने आमिर खानकडे माफीची मागणी केली.

आता घराजवळ येऊ.

आमच्याकडे कोणी गंभीर आजारी पडलं की एकच वाक्य असतं: मिरजेला न्या. कुपवाडच्या एमआयडीसीत कोणाचा हात मशीनमध्ये गेला, मिरजेला न्या. या वाक्यामागे सव्वाशे वर्षांची पुण्याई आहे. विल्यम वानलेस या कॅनडाहून आलेल्या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तीन वर्षांनी वैद्यकीय शाळा काढली, आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे पेशंट इथे यायला लागले. डॉक्टर म्हटला की विश्वास ठेवायचा, ही सवय या भागाला तिथून लागली. त्या विश्वासाचं भाडं आजही कितीतरी जण खातात, चांगलेही आणि वाईटही.

मिरजेहून कागवाडच्या रस्त्याला लागलं की म्हैसाळ लागतं. पुढे लगेच कर्नाटक. मार्च २०१७ मध्ये या गावात ओढ्याच्या कडेला पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्याआधी काही दिवस तासगाव तालुक्यातल्या एका तरुण विवाहितेचा तिथल्या दवाखान्यात गर्भपात करताना मृत्यू झाला होता. दवाखाना चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा. गर्भपात करण्याची परवानगीच नाही. तपासात सीमेपलीकडच्या डॉक्टरांना अटक झाली, कारण पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे लिंग तपासायला बाईला कर्नाटकात न्यायचं आणि गर्भपात इकडे करायचा, अशी विभागणी होती. मधे एजंट. प्रत्येकाचा वाटा ठरलेला.

इंजिनिअर म्हणून मला ही रचना ओळखीची वाटली, आणि ओळखीची वाटली याचंच वाईट वाटलं. मशीन एका राज्यात, ऑपरेशन टेबल दुसऱ्या राज्यात. एका जिल्ह्याच्या यंत्रणेला दुसऱ्याचा लॉग दिसत नाही. कोल्हापूरने सायलेंट ऑब्झर्व्हर लावला तर गाडी अर्धा तास जास्त चालवायची, एवढंच. शिवाय त्या दवाखान्याबद्दल आधी तक्रार झाली होती, पाहणीही झाली होती आणि त्यात काही निघालं नव्हतं, अशा बातम्या तेव्हा आल्या.

पाहणी कोण करतं? कायद्यात ‘समुचित प्राधिकारी’ असतो. जिल्ह्याला जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिकेत आरोग्य अधिकारी. त्याला सल्ला द्यायला आठ जणांची समिती: तीन वैद्यकीय तज्ज्ञ, एक कायद्याचा जाणकार, एक माहिती खात्याचा अधिकारी, तीन सामाजिक कार्यकर्ते. लिंग तपासणीशी पूर्वी संबंध आलेला माणूस समितीत नको, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हितसंघर्ष कळत होता. पण सांगली-मिरज केवढंसं आहे? एकाच कॉलेजात शिकलेले, एकाच संघटनेच्या स्नेहसंमेलनात जेवलेले, एकमेकांना पेशंट पाठवणारे लोक. तपासणारा डॉक्टर आणि तपासला जाणारा डॉक्टर यांची मुलं एकाच शाळेत असतात. कोणी लाच देतं असं मला म्हणायचंच नाही. ओळखीच्या माणसाचं मशीन सील करायला हात जड होतो, हे माणसाचं आहे.

आणि ही ‘पाठवण्याची’ साखळी फक्त लिंग तपासणीची नाही. चिठ्ठीवर लॅबचं नाव आधीच छापलेलं तुम्हीही बघितलं असेल. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मना आहे. तरी ‘कट’ हा शब्द रिक्षावाल्यालाही माहीत असतो. २०१७ मध्ये, म्हैसाळच्याच वर्षी, मुंबईत एका मोठ्या हृदयरोग हॉस्पिटलने होर्डिंग लावलं की आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही. डॉक्टरांची संघटना चिडली. कट देणाऱ्यांवर नव्हे, होर्डिंगवर! राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. पुढे तो मसुदाच राहिला. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ लिहिलं, ते यासाठी जरूर वाचा. कट न घेणाऱ्या डॉक्टरचं दुकान कसं बसतं, ते डॉक्टरच सांगतात त्यात.

मधल्या काळात डॉक्टर संघटनांनी एफ फॉर्मवरच बोट ठेवलं. एक रकाना रिकामा राहिला, तारीख चुकली, तर मशीन सील आणि फौजदारी खटला, हा कुठला न्याय? सप्टेंबर २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्ट संपावर गेले. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी सुप्रीम कोर्टात गेली. ३ मे २०१९ ला कोर्टाने निकाल दिला: एफ फॉर्म ही कारकुनी नाही, तोच पुरावा आहे, तो नीट न भरणं म्हणजे गुन्ह्याला आडोसा देणं. मी निकालाच्या बाजूने आहे. तरी एक खटकतं. एकट्याने दवाखाना चालवणारा, रात्री अडीचला अडलेल्या बाईची सोनोग्राफी करणारा प्रामाणिक डॉक्टर आणि मुद्दाम पत्ता कोरा ठेवणारा, यांच्यात फरक करण्याइतकी यंत्रणा शहाणी हवी. नाहीतर व्हायचं तेच झालं. छापे वाढले की कित्येक डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही नाही म्हणायला लागले. नको त्या कचाट्यात कशाला पडा? आणि ती बाई मग म्हैसाळसारख्या ठिकाणी जाते. ‘हत्या’ या शब्दाबद्दल मघाशी बोललो, ते यासाठी.

शेवटी आपल्या धंद्याकडे. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये आणखी एक याचिका केली होती, गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टविरुद्ध. लिंगनिवडीच्या जाहिराती भिंतीवरून गेल्या आणि सर्चमध्ये आल्या होत्या. जाहिरातीचे पैसे कंपनीला, आणि काय दाखवायचं हेही कंपनीच ठरवणार. २०१६ मध्ये या कंपन्यांनी ठरावीक शब्दांना आपोआप अडवण्याचं कोर्टात मान्य केलं. लोकलच्या डब्यातल्या त्या पाचशे रुपयांच्या जाहिरातीचा हा नातू.

आता तर मशीनही लागत नाही. गरोदर बाईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे असतात, दहाव्या आठवड्यापासून त्यांची तपासणी होते. डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांसाठी ती चांगली तपासणी आहे, पण तिच्यात लिंगही कळतं. भारतातल्या लॅबना तेही याच कायद्याने सांगता येत नाही. पण सील कशाला करणार? रक्ताची नळी कुरिअरने कुठेही जाते.

एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबतो. या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे तुम्ही-आम्ही कोणीही समुचित प्राधिकाऱ्याला लेखी तक्रार देऊन, किमान १५ दिवसांची मुदत आणि कोर्टात जाण्याचा इरादा कळवून, नंतर स्वतः कोर्टात जाऊ शकतो. १९८८ च्या कायद्यात जी वाट नव्हती ती ही. तक्रारीत बाईचं नाव शक्यतो घालू नका. सेंटर, तारीख, एजंट, एवढं पुरतं. पोहोच मात्र घ्या.

पुढचा एपिसोड वानलेस आणि मिरजेच्या जुन्या वैद्यकीय शाळेवर. तुमच्या आजी-आजोबांकडे मिशन हॉस्पिटलच्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा, एपिसोडमध्ये घेऊ.